पळसधाऱ्याचा मुक्काम

पळसधाऱ्याच्या आरोग्य केंद्रात बाळंत झालेली बाई संध्याकाळपर्यंत तिथं टिकत नाही, हे जिल्ह्याच्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडचे लोक अडाणी आहेत.

नियम असा, की बाळंतिणीनं दोन दिवस तरी दवाखान्यात राहायचं. त्या दोन दिवसांत आईचं रक्त जाऊ शकतं, बाळ गार पडू शकतं, दूध ओढेनासं होऊ शकतं, आणि हे ओळखणारं माणूस जवळ असलं तर बहुतेक वेळा निभावतं. पण इस्लापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला असलेल्या या गावात बाई सकाळी मोकळी झाली की दुपारी ऑटोत बसून घरी जायची. मग मधूनच एखाद्या वस्तीवरून बाळ गेल्याची खबर यायची.

उपाय करून झाले होते. केंद्राच्या भिंतींवर आई-बाळाची चित्रं रंगवून झाली. कलापथक आलं, पारावर नाचून-गाऊन गेलं. दोन दिवस राहील तिला बाळाच्या कपड्यांची पिशवी द्यायचं ठरलं, तर बायका नेहमीप्रमाणे दुपारीच घरी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी पिशव्या न्यायला त्यांचे दीर आले.

अशाच एका आढावा बैठकीत हा विषय पुन्हा निघाला आणि मनिषा सूर्यतळे बोलून गेली. ती आरोग्य विभागात विस्तार अधिकारी होती, वय चाळिशीच्या पुढं, एरवी बैठकीत तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "साहेब, लोक अडाणी आहेत म्हटलं की आपलं काम संपतं. म्हणून तर आपण तेच तेच म्हणत नाही ना?"

दयानंद साहेब, म्हणजे बैठक घेणारे अधिकारी, वाईट माणूस नव्हते. ते हसले आणि म्हणाले, मग तुम्हीच जाऊन बघा. आठवड्याभरात तिला तात्पुरत्या नेमणुकीचा आदेश मिळाला. कचेरीतल्या लोकांनी तिला शिक्षा झाल्याचं धरलं. डबा खाताना एकदोघींनी हळहळ दाखवली आणि तिच्या टेबलावर कोण बसणार याची चर्चाही तिच्यासमोरच केली.

लातूरला तिची आई धुरपताबाई एकटी राहायची. मनिषाचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. पुढं वडील अंथरुणाला खिळले, त्यांचं करता करता वर्षं गेली, आणि मग लग्नाचं राहूनच गेलं. वडील वारल्यावर तिची बदली नांदेडला झाली. दर शनिवारी लातूरची एस.टी. धरायची आणि सोमवारी पहाटे परत यायचं, असं तिचं चाललं होतं. पळसधाऱ्याहून ते जमणार नव्हतं. तिनं फोनवर आईला सांगितलं, की तीनेक महिन्यांचा प्रश्न आहे. आई म्हणाली, "जा की. मी काय पळून जाऊ लालेय का?"

गावात तिला एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागची खोली मिळाली. खोलीच्या खिडकीतून सागाची झाडं दिसायची आणि संध्याकाळ झाली की दुसरं काहीच दिसायचं नाही. घरमालकानं खोली देण्याआधी आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग थोडा वेळ गप्प बसून भाडं सांगितलं. खोली दिली हेच खूप, असं तिनं मानून घेतलं. अशा गप्प बसण्याची तिला लहानपणापासून सवय होती.

पहिल्या आठवड्यात तिनं तेच केलं जे आधीच्या सगळ्यांनी केलं होतं. केंद्राच्या ओसरीवर बसलेल्या बायकांसमोर उभी राहून तिनं रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बाळाचं वजन, सगळं समजावून सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. त्याच दुपारी, तिच्या डोळ्यांदेखत, कस्तुराबाई आपल्या सुनेला घेऊन निघाली.

कस्तुराबाई हटकरवाडीच्या रस्त्यावरच्या वस्तीतली, दहा-बारा एकर कोरडवाहू जमिनीच्या घरातली. काठीसारखी बाई. मनिषा फाटकात आडवी उभी राहिली. म्हणाली, दोन दिवस थांबा, सुनेच्या जिवाचा प्रश्न आहे.

"जिवाचा हाय म्हनून तर नेऊन राहिले," कस्तुराबाई म्हणाली. "व्हा बाजूला, म्याडम. पोरगी उभी हाय."

सून खरंच उभी होती, ऑटोच्या दांडीला धरून, चेहरा पांढरा पडलेला. मनिषा बाजूला झाली. ऑटो गेला तेव्हा ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या, आणि तिला कळलं की आपण आता त्यांच्या लेखी फाटकातला आणखी एक शिपाई झालो.

ती संध्याकाळ तिला जड गेली. आईला फोन लावला तर आई घाईत होती. बुद्धविहारात बायकांची वंदना होती. नंतर करते म्हणाली, आणि केला नाही.

दुसऱ्या दिवशी मनिषा चालत कस्तुराबाईच्या वस्तीवर गेली. बोलायला नाही, नुसतं बघायला. जाताना तिनं मनाशी ठरवलं होतं, की का गेलात हा प्रश्न विचारायचा नाही. तो प्रश्न ऐकला की माणूस उत्तर देत नाही, बचाव करतो.

कस्तुराबाईनं तिला बाजेवर बसवलं. चहा आला तो कागदी कपात. घरातली माणसं कपबशीत पीत होती. मनिषानं चहा प्याला, कप चुरगळून हातात ठेवला आणि इकडं तिकडं पाहिलं. परसात चुलीवर पाण्याचा हंडा उकळत होता. सुनेला न्हाऊ घालण्याची तयारी चालली होती. अंगाला तेल, मग कढत पाणी, मग बाजेखाली शेगडी आणि डोक्याला फडकं. कस्तुराबाई सुनेच्या पाठीवर पाणी ओतत होती आणि काल फाटकात दगडासारखी असलेली ती बाई त्या वेळी इतक्या हळू हातानं ओतत होती की मनिषा बघतच राहिली. न्हाणं झाल्यावर सून शेकाच्या खाटेवर पडली आणि पडता पडता झोपली.

परत येताना कस्तुराबाई फाट्यापर्यंत सोबत आली. आपण होऊन म्हणाली, की बाळंतिणीला पहिल्या दिवसापासून ऊन पाणी आणि शेक न्हाई भेटला तर अंगात वारं भरतं, ते जन्मभर निघत न्हाई. दवाखान्यात नळाला गार पाणी. तिथं पोरीला निजवायचं म्हणजे मुद्दाम आजारी पाडायचं.

मनिषाला वाटलं, सापडलं. इतकं सोपं होतं आणि इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही. ती चालत नव्हती, जवळजवळ पळत केंद्रावर आली.

डॉक्टर वैजनाथ केंद्राचे वैद्यकीय अधिकारी. तरुण, लातूर जिल्ह्यातल्याच एका खेड्यातून शिकून आलेले, कामाला चोख आणि चिडके. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. वॉर्डात शेगडी म्हणजे धूर, धुरानं बाळ गुदमरतं, काही झालं तर उत्तर कोण देणार? त्यांचं बरोबर होतं. मनिषा रोज जाऊन बसायला लागली. शेवटी तडजोड निघाली. चूल मागं, उघड्यावर. शेक द्यायचा तो तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून. आई न्हाईल, बाळाला मात्र पहिल्या दिवशी पाणी लावायचं नाही, नुसतं पुसायचं. या शेवटच्या अटीवर कस्तुराबाई अर्धा तास भांडली आणि मग म्हणाली, चालंल.

दयानंद साहेबांना मनिषानं फोन केला. ते म्हणाले, करा, पण माझ्याकडून लेखी काही मागू नका. बिघडलं तर मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आणि जमलं तर? ते हसले. म्हणाले, जमलं तर बघू.

गावातल्या गवंड्याकडून चूल बांधून घेतली, पत्र्याची न्हाणी उभी केली. पाणी तापलं. आणि कुणीही न्हायलं नाही. बायका पूर्वीसारख्याच दुपारी जात राहिल्या.

हा महिना मनिषाला फार कठीण गेला. डॉक्टर येता-जाता त्या चुलीकडं बघायचे. एका दुपारी तिनं स्वतःच न्हाणीत उभं राहून पाहिलं तेव्हा तिला दिसलं, की पत्र्याच्या फटीतून सरळ चहाची टपरी दिसते, आणि टपरीवर बसलेल्या पुरुषांना सरळ न्हाणी. तिला स्वतःची लाज वाटली. चाळीस वर्षं बाई म्हणून जगून तिनं न्हाणीची जागा नकाशावर ठरवली होती. न्हाणी उचलून मागच्या भिंतीआड नेली. तरी दोघी-तिघीच न्हायल्या, आणि न्हाऊन घरी गेल्या. थांबलं कुणीच नाही.

मग तिनं सांगणं आणि बांधणं दोन्ही थांबवलं. ती नुसती ओसरीवर बसायला लागली. बायका वेगवेगळं बोलायच्या आणि एकीचं दुसरीला पटायचं नाही. कुणाच्या घरी थोरलं लेकरू एकटं होतं. कुणाची शेळी व्यायला आली होती. कुणाच्या सासूला रात्री टेकायला जागा नव्हती आणि सासूशिवाय सून राहायला तयार नव्हती. एकीला दवाखान्यातली शांतता सोसत नव्हती. एकच एक कारण नव्हतंच. मनिषाला कळेना की याचं करायचं काय. संध्याकाळी खोलीवर येऊन ती भात लावायची आणि कुकरची शिट्टी होईस्तोवर भिंतीकडं बघत बसायची. दिवसभर माणसांत बसून तिला इतकं एकटं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. ओसरीवर ती आली की बोलणं बारीक व्हायचं, ती उठली की पुन्हा मोठं व्हायचं.

आणि एवढ्या सगळ्यांत तिनं आरतीला काही विचारलंच नव्हतं.

आरती म्हणजे केंद्रातली सिस्टर. हिमायतनगरची, तिशीच्या आतली, नवरा दूर नोकरीला, लेकरू आईकडं. अबोल. बाळंतपणं तीच करायची. एका दुपारी वॉर्ड रिकामा झाल्यावर ती चादरी बदलत होती आणि मनिषा तिला हातभार लावू लागली. सकाळचीच बाळंतीण नुकतीच गेली होती. मनिषा सहज म्हणाली, की ही तरी थांबेल असं वाटलं होतं.

आरती चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मीच तिला जा म्हणाले."

मनिषाचा हात थांबला.

"सगळ्यांनाच म्हणते," आरती म्हणाली. "तुम्ही वर कळवा पाहिजे तर. डॉक्टर साहेब पाच वाजता क्वार्टरवर जातात. शिपायाची जागा भरलेली नाही. रात्री इथं मी असते आणि पेशंट असतो. पेशंट असला की त्याची माणसं येतात फाटकावर, पिऊन येतात, दार वाजवतात. एकदा एकजण आत आला होता. मी औषधाच्या खोलीत कडी लावून बसले सकाळपर्यंत. पेशंट नसला की मला आतून कुलूप लावून घेता येतं."

तिचा आवाज अगदी सरळ होता. कुणीतरी विचारावं म्हणून ती थांबली नव्हती, आणि कुणी विचारलं नाही याचा राग असल्याचंही दिसत नव्हतं. मनिषा खाटेवर बसली. तिला ती बैठकांतली सगळी वाक्यं आठवली. लोक अडाणी आहेत म्हणणारे सगळे, आणि तसं म्हणू नका म्हणणारी ती स्वतः. दोघांनीही बघितलं ते फाटकाबाहेर. आतली एक मुलगी कडी लावून बसते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वर नाही कळवत," मनिषा म्हणाली. "आज मी इथं झोपते."

त्या दिवसापासून ती आपली वळकटी घेऊन केंद्रावर यायला लागली. तिथं राहिल्यावर तिला काही गोष्टी आपोआप दिसल्या. आरतीला हवं होतं ते पहाऱ्याचं माणूस नव्हतं, सोबत होती. आणि सासवांना हवी होती ती टेकायला जागा. दोन्हींचं उत्तर एकच होतं आणि ते मागच्या पडीक खोलीत होतं. तिथं मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. खुर्च्या बाहेर काढल्या, खोली सारवून घेतली, चुलीकडं उघडणारं दार दुरुस्त केलं. कस्तुराबाईची धाकटी सून तेव्हा भरत आली होती. मनिषा तिच्याकडं गेली आणि म्हणाली, सुनेला ठेवू नका, तुम्हीच राहायला या. सून सोबत असेल.

कस्तुराबाई आली. येताना ज्वारीचं पीठ, खारकांची पूड, डिंक, आणि आपली शेगडी घेऊन आली. शेगडीवरून डॉक्टरांशी भांडण झालं आणि ती चुलीपाशी, बाहेर, ठेवण्यावर मिटलं. तीन-चार दिवस त्या मागच्या अंगणात कस्तुराबाईचं राज्य होतं. रात्री कुणी पिऊन फाटकावर आला तर तीच ओरडायची आणि तो जायचा, कारण तो बहुधा तिच्या नात्यातला निघायचा. आरती पहिल्यांदा आपल्या ड्युटीत झोपली. कस्तुराबाईनं आरतीला आपल्या हातची भाकरी खाऊ घातली. मनिषाला चहा दिला तो कागदी कपात. ते कप तिनं घरून बांधून आणले होते.

सून बाळंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना आरतीला बाळ गार लागलं. ते दूध ओढत नव्हतं, ओठांचा रंग बदलला होता. डॉक्टरांना बोलावणं गेलं, बाळाला आईच्या छातीशी बांधलं, गाडी मागवली आणि नांदेडला विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कस्तुराबाई सुनेला धरून गाडीत बसली. ते बाळ दहा-पंधरा दिवसांनी घरी आलं. धडधाकट होतं.

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका थांबू लागल्या. सगळ्या नाही. सुगीच्या दिवसांत निम्म्या जायच्या, आणि जिच्या घरी लेकरू एकटं होतं ती जायचीच, तिचं उत्तर मनिषाला शेवटपर्यंत सापडलं नाही. पण मागचं अंगण रिकामं राहत नव्हतं. म्हाताऱ्या चुलीपाशी बसून सुनांच्या चहाड्या करायच्या, एकमेकींच्या शेकाला नावं ठेवायच्या आणि आरतीच्या लेकराची चौकशी करायच्या. मनिषा तिथं गेली की जरा सरकून बसायच्या. "या म्याडम," म्हणायच्या, आणि गप्प व्हायच्या.

तीन महिन्यांचं वर्ष झालं होतं. तिला लातूरला बदली मिळाली. निघायच्या दिवशी केंद्रावर दोन बाळंतपणं होती. डॉक्टरांनी हातमोजा घातलेला हात वर केला. आरती दारापर्यंत आली, काहीतरी बोलणार होती, पण आतून हाक आली. मागच्या अंगणात चूल पेटलेली होती. मनिषा थोडा वेळ फाटकापाशी थांबली आणि मग फाट्यावर जाऊन एस.टी.ची वाट बघत उभी राहिली. तिला वाईट वाटत नव्हतं, निदान तिनं तसं स्वतःला सांगितलं. काम असंच व्हायला पाहिजे, की आपण गेल्यावर त्याला आपली गरज लागू नये. हे तिला पटत होतं. तरी एस.टी. सुटल्यावर तिनं मान वळवून बघितलं.

लातूरला घरी आली तेव्हा दार एका अनोळखी मुलीनं उघडलं. आईनं पुढची खोली दोन मुलींना दिली होती, शिकवणीसाठी परभणीकडून आलेल्या. फोनवर सांगितलं होतं का? कदाचित सांगितलंही असेल. मुली धुरपताबाईला आजी म्हणायच्या. त्यांच्या शिकवणीच्या वेळेवर घराचा स्वयंपाक चालायचा. मनिषाची पुस्तकं माळ्यावर गेली होती आणि तिच्या खाटेवर आता एक मुलगी झोपायची. आई खूश होती. तिची तब्येत सुधारली होती. सकाळी विहार, दुपारी बायका, संध्याकाळी मुलींचा अभ्यास.

"तू दमून आलीस, आरामशीर नीज," आईनं तिला आतल्या खोलीत गादी घालून दिली. "पाहुण्यासारखं वागू नको."

इतकी वर्षं मनिषाच्या मनात एक चित्र होतं, की आई एकटी आहे आणि आपल्याला तिच्याजवळ जायचंय. आई एकटी नव्हती. बरंच झालं, तिनं मनात म्हटलं. मग कितीतरी वेळ तिला झोप आली नाही.

महिन्याभरात दयानंद साहेबही लातूरला आले, वरच्या जागेवर. येताना त्यांनी पळसधारा सोबत आणलं. आता त्याला 'पळसधारा पॅटर्न' असं नाव होतं. प्रत्येक केंद्राच्या मागं चूल आणि न्हाणी, ठरावीक मापाची. एका मोठ्या सभागृहात जिल्ह्यातले सगळे वैद्यकीय अधिकारी आणि सिस्टर बोलावल्या होत्या. पडद्यावर त्या चुलीचा फोटो होता. साहेबांनी मनिषाचं नाव घेऊन तिला बोलायला उभं केलं. हे त्यांनी मनापासून केलं होतं.

मनिषा फोटोकडं बघत राहिली. फोटो न्हाणीच्या पहिल्या जागेचा होता, टपरीसमोरच्या.

"ही न्हाणी कुणीही वापरली नाही," ती म्हणाली.

सभागृहात हलकी खसखस पिकली. तिनं जमेल तसं सांगितलं. की चूल हे उत्तर नव्हतं. चूल बांधल्यावर चूक कळली, चूक कळल्यावर दुसरी चूक केली, आणि तिसऱ्यांदा आपल्याच सिस्टरला विचारायचं सुचलं. पळसधाऱ्याला सोबतीची अडचण होती, तुमच्याकडं काय असेल ते मला माहीत नाही. जाऊन बसल्याशिवाय मलाही कळणार नाही. चूल बांधा, पण बांधली म्हणजे झालं असं धरू नका.

मग मागच्या रांगेतून एका डॉक्टरांनी नम्रपणे विचारलं, की मॅडम, मग आम्ही अहवालात नेमकं काय लिहायचं? सगळे हसले. मनिषाही हसायचा प्रयत्न करत खाली बसली. तिच्या शेजारची खुर्ची चहाच्या सुट्टीनंतर रिकामीच राहिली.

सुट्टीत दयानंद साहेब कप घेऊन तिच्यापाशी आले. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"तुम्ही म्हणता ते खरं आहे," ते म्हणाले. "पण मला वर काहीतरी दाखवावं लागतं. चूल दाखवता येते. मी तुम्हाला वर्षभर मोकळं सोडलं, तुम्ही दोनदा चुकलात आणि मी गप्प बसलो, हे कसं दाखवू?"

त्या क्षणी मनिषाला वाटलं, की हा माणूसही आपल्यासारखाच आहे. आपल्या खोलीत बसून भिंतीकडं बघत असणार. पण तसं बोलायची दोघांनाही सवय नव्हती. ती म्हणाली, एखादं केंद्र मला द्या. चूल-बिल काही मोजू नका. साहेबांनी बराच वेळ कप हलवला. मग निलंग्याच्या पुढचं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं कल्लूरवाडी दिलं. तोंडी.

कल्लूरवाडीच्या केंद्रामागं चूल तयार होती, मापात. न्हाणीत सिमेंटची पोती रचली होती. सिस्टर म्हणाली, की इथल्या बायका घरूनच न्हाऊन येतात आणि जायची घाईही कुणाला नसते, उलट यायलाच उशीर करतात. मनिषा ओसरीवरच्या बाकावर जाऊन बसली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला साठीची एक बाई होती, साखराबाई. तिची सून आत होती. ती सिस्टरशी कानडीत बोलायची, मनिषाशी काहीच नाही. मनिषाला कानडीतलं अक्षर कळत नव्हतं. साखराबाईनं तिच्याकडं एकदा नीट बघून घेतलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि तोंड फिरवलं.

चारच्या सुमाराला, तिला घेऊन आलेल्या जीपचा ड्रायव्हर सांगायला आला, की निलंग्याहून लातूरची शेवटची एस.टी. गाठायची तर आता निघावं लागेल. मनिषानं आईला फोन लावला. म्हणाली, आज येणं होणार नाही, बहुतेक दोन-चार दिवस इथंच राहीन.

"बरं," आई म्हणाली. मागं मुलींचा हसण्याचा आवाज येत होता. "जेवून घे."

मनिषानं ड्रायव्हरला जायला सांगितलं. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ती त्या रस्त्याकडं बघत होती. आतून सुनेचा कण्हण्याचा आवाज आला तशी साखराबाई ताडकन उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि बसताना बाकाच्या मधोमध बसली. पुन्हा आवाज आला. या वेळी ती उठली नाही. तिचे ओठ हलत होते. ती मनिषाकडं न बघता कानडीत काहीतरी बोलली, बराच वेळ बोलली, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखी थांबली.

"मला कळत नाही हो," मनिषा म्हणाली. "पण बोला तुम्ही."

साखराबाईला मराठी किती कळली कोण जाणे. ती पुन्हा बोलू लागली. मनिषानं पाय वर घेतले, पदर खांद्याभोवती ओढून घेतला आणि न कळणारं ते बोलणं ऐकत बसली.